नॉर्वेचा किनारा, टपालाच्या बोटीतून

नकाशावर नॉर्वे हा देश कमी आणि किनारा जास्त दिसतो. दक्षिण टोकापासून रशियाच्या सीमेपर्यंत बाहेरच्या बाहेर मोजले तर हा किनारा सुमारे अडीच हजार किलोमीटर भरतो. प्रत्येक खाडीत शिरून, प्रत्येक बेटाला वळसा घालून मोजायचे ठरवले तर आकडा एक लाख किलोमीटरच्या वर जातो. या दातेरी किनाऱ्यालगत नैर्ऋत्येकडच्या बर्गन शहरापासून ईशान्येच्या किर्केनेसपर्यंत एक बोटसेवा चालते. तिचे नाव हुर्टिग्रुटन. बारा दिवसांत ती ३४ बंदरे घेत जाते आणि परत येते. जगभरचे पर्यटक तिच्याकडे सुखासीन समुद्रसफर म्हणून पाहतात, आणि ती तशी आहेही. पण तिचा जन्म टपाल, मासळी आणि गावकरी वाहून नेण्यासाठी झाला. तिची खरी गोडीही त्यातच आहे.

हा किनारा असा का झाला, याचे उत्तर हिमयुगात आहे. प्रचंड हिमनद्या डोंगरांतून समुद्राकडे सरकताना त्यांनी दऱ्या समुद्रसपाटीच्याही खूप खाली खरवडून काढल्या. बर्फ वितळल्यावर त्या दऱ्यांत समुद्र शिरला. हेच फियॉर्ड. त्यांतला सर्वांत मोठा सोग्नेफियॉर्ड २०४ किलोमीटर आत जातो आणि त्याची खोली १,३०० मीटरहून अधिक आहे. गंमत अशी, की फियॉर्ड आत खोल असतो आणि तोंडाशी उथळ, कारण हिमनदीचा जोर समुद्राजवळ ओसरत असे. रस्ता बांधणाऱ्याला ही रचना नकोशी वाटेल. समोरच्या काठावरचे गाव डोळ्यांना दिसते, पण चालत जायचे तर दिवस मोडतो. खलाशाला मात्र ती सोयीची. किनाऱ्याबाहेर हजारो लहानमोठी बेटे ओळीने पसरलेली असल्यामुळे खुल्या समुद्राच्या लाटा त्यांच्यावरच फुटतात आणि आतल्या बाजूने बोट शांत पाण्यातून जाते.

दुसरी देणगी उष्ण प्रवाहाची. अटलांटिकमधले कोमट पाणी नॉर्वेच्या किनाऱ्याला घासत उत्तरेकडे जाते. याच अक्षांशांवर ग्रीनलंड आणि सैबेरियाचे किनारे हिवाळ्यात गोठतात, नॉर्वेची बंदरे मात्र उघडी राहतात. बारमाही बोटसेवेची कल्पना निघाली ती या पाण्याच्या भरवशावर.

तरीही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ती कल्पना वेडगळ समजली जाई. ट्रोंडहाइमच्या उत्तरेला तेव्हा दीपगृहे अवघी २८ आणि सागरी नकाशे जेमतेम. हिवाळ्यात अंधार इतका, की रात्री बोट हाकणे म्हणजे खडकांना आमंत्रण. ट्रोंडहाइमहून हामरफेस्टला निघालेले पत्र उन्हाळ्यात तीन आठवड्यांनी पोहोचे, हिवाळ्यात त्याला पाच महिनेही लागत. सरकारने वर्षभर चालणाऱ्या जलद सेवेसाठी विचारणा केली तेव्हा मोठ्या कंपन्यांनी अंग काढून घेतले. पुढे आला तो वेस्टेरोलेन बेटांवरचा एक कप्तान, रिचर्ड विथ. त्याची कंपनी छोटी होती, पण तिच्याकडे एक जिन्नस असा होता जो इतर कोणाकडे नव्हता. विथ आणि त्याचा अनुभवी वाटाड्या अँडर्स होल्टे यांनी वर्षानुवर्षे प्रत्येक वळणाला होकायंत्राची दिशा, बोटीचा वेग आणि लागलेला वेळ टिपून ठेवला होता. समोर काही दिसत नसतानाही घड्याळ आणि होकायंत्र यांच्या आधारे बोट नेता येईल, असा त्यांचा हिशेब होता. २ जुलै १८९३ रोजी ‘वेस्टेरोलेन’ ही आगबोट ट्रोंडहाइमहून सुटली आणि तीन दिवसांनी, ५ जुलैला, हामरफेस्टला लागली. हिशेब बरोबर ठरला. काही वर्षांतच दक्षिणेचे टोक बर्गनला नेण्यात आले, आणि पुढे उत्तरेचे किर्केनेसला.

या सेवेने उत्तर नॉर्वेचे जगणे बदलले. कारखान्यांना आणि मासळीच्या व्यापाऱ्यांना वेळापत्रक मिळाले, आजाऱ्यांना शहरातल्या इस्पितळाची वाट मिळाली, आणि घरची पत्रे वेळेवर येऊ लागली. दुसऱ्या महायुद्धात या मार्गावरच्या अनेक बोटी बॉम्बहल्ल्यांत आणि पाणतीरांनी बुडाल्या. प्रवासी आणि खलाशी मिळून शेकडो माणसे गेली. युद्धानंतर नव्या बोटी आल्या. मग रस्ते, पूल आणि विमाने आली, टपाल त्यांच्याकडे गेले आणि सेवा बंद करण्याची भाषा अधूनमधून होऊ लागली. कोकण किनाऱ्यावरच्या आगबोटींचे जे झाले, तेच इथेही होऊ शकले असते. झाले नाही, याचे श्रेय दोन गोष्टींना द्यावे लागते. एक, सरकार आजही कंत्राट देऊन या मार्गासाठी पैसा मोजते. दुसरी, रिकाम्या होणाऱ्या खोल्या पर्यटकांनी भरल्या.

२०२१ पासून हे कंत्राट दोन कंपन्यांत विभागले आहे. जुन्या हुर्टिग्रुटन कंपनीच्या सात बोटी आणि हाविला या नव्या कंपनीच्या चार, अशा अकरा बोटी एकामागून एक फिरत राहतात. त्यामुळे प्रत्येक बंदरात रोज एक उत्तरेकडे जाणारी आणि एक दक्षिणेकडे येणारी बोट लागते. बहुतेक बोटी १२० ते १२५ मीटर लांबीच्या आहेत आणि झोपायची सोय साधारण साडेचारशे ते पाचशे जणांची. आजच्या मोठ्या क्रूझ जहाजांवर तीन ते पाच हजार माणसे मावतात, हे लक्षात घेतले तर या बोटी मध्यम म्हणायच्या. मध्यम असण्याचा फायदा इथे थेट दिसतो. ज्या अरुंद सामुद्रधुनीतून आणि ज्या लहान धक्क्यांना त्या जातात, तिथे मोठे जहाज शिरूच शकत नाही.

बोटीवर आराम आहे, थाटमाट नाही. कॅसिनो नाही, रात्रीचे नाचगाण्याचे कार्यक्रम नाहीत, जेवायला सूट घालण्याची सक्ती नाही. सगळ्यांत वरच्या मजल्यावर पुढच्या अंगाला काचेच्या भिंतींचे प्रशस्त दालन असते. प्रवाशांचा बहुतेक दिवस तिथल्या खुर्चीत जातो. बाहेर गार वाऱ्यात उघड्या डेकवर गरम पाण्याचे कुंड, आत सौनाची खोली, एक उपाहारगृह आणि एक-दोन छोटी कॅफे. मार्गदर्शकांचा एक गट रोज व्याख्याने देतो, पक्षी आणि डोंगर ओळखून दाखवतो. खोल्या आटोपशीर असतात. खालच्या मजल्यांवर खिडकी नसलेल्या स्वस्त खोल्या, मधल्या मजल्यावर खिडकीच्या, वर मोठ्या. मधल्या काही खोल्यांच्या खिडकीसमोर जीवरक्षक होड्या टांगलेल्या असतात. त्या खोल्या ‘मर्यादित दृश्य’ या नावाने कमी भाड्यात विकल्या जातात. दिवसभर वर बसायचे असेल तर हा सौदा वाईट नाही.

जेवणात किनाऱ्याचाच माल असतो. कॉड, सामन, उत्तरेकडे रेनडिअरचे मांस आणि राजखेकडा, मासळीचे मलईदार सूप, तपकिरी गोडसर चीज, पाणथळ जमिनीत पिकणारी नारिंगी क्लाउडबेरी. शाकाहाऱ्यांची उपासमार होत नाही, पण आधी कळवलेले बरे. मद्य नॉर्वेत सगळीकडेच महाग आहे, बोटीवरही.

याच बोटीत दोन-तीन बंदरांपुरते चढलेले गावकरीही असतात. कोणी शाळेच्या सामन्याला निघालेली मुले, कोणी आजीकडे चाललेले कुटुंब. खालच्या मजल्यावर माल आणि मोटारी. काही बंदरांत बोट पंधरा मिनिटेच थांबते, कधी रात्री तीन वाजता. बाजूचे दार उघडते, माल चढवणारे वाहन आत-बाहेर करते, दोघेतिघे उतरतात आणि दोर सुटतात. झोप सावध असेल तर हे खडखडाट ऐकू येतात. तक्रार करणारे प्रवासीही असतात. पण धक्क्यावर केवळ पर्यटकांसाठी मांडलेला देखावा नको असेल, तर या मार्गाइतकी चांगली जागा क्वचित सापडेल.

प्रवास सुरू होतो बर्गनमध्ये. इथे वर्षातले दोनशेहून अधिक दिवस पाऊस पडतो, म्हणून छत्री पहिल्या संध्याकाळीच लागते. जुन्या धक्क्यावरची ब्रिग्गेनची तिरपी लाकडी घरे हान्सा व्यापारी संघाच्या काळाची आठवण आहेत. जर्मन व्यापारी इथून उत्तरेचा वाळवलेला कॉड युरोपभर विकत. १९७९ पासून हा भाग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. बोट रात्री सुटते आणि पहाटे स्टाड या भूशिराला वळसा घालते. इथे बेटांची भिंत संपते, म्हणून पहिली डुचमळ इथेच.

पुढचे मोठे गाव ऑलेसुंड. २३ जानेवारी १९०४ च्या रात्री लागलेल्या आगीत या लाकडी गावाचा बहुतेक भाग जळाला आणि सुमारे दहा हजार लोक बेघर झाले. काही वर्षांतच गाव दगडविटांत पुन्हा उभे राहिले. त्या वेळी युरोपात आर्ट नूव्हो शैलीची लाट होती, त्यामुळे मनोरे, वेली आणि चेहरे कोरलेल्या दर्शनी भिंतींचे एकसंध शहर इथे तयार झाले. आगीमुळे शहर देखणे झाले, असे ऑलेसुंडबद्दलच म्हणता येते.

उन्हाळ्यात बोट इथून गैरांगरफियॉर्डमध्ये आत जाते. हा फियॉर्ड २००५ पासून वारसा यादीत आहे. दोन्ही बाजूंना हजार-दीड हजार मीटरचे कडे, त्यांवरून सात धारांनी कोसळणारा ‘सात बहिणी’ नावाचा धबधबा, आणि कड्यांच्या अरुंद पायऱ्यांवर आता ओस पडलेली शेतघरे. तिथल्या आया लहान मुलांना दोरीने बांधून ठेवत, कारण अंगणाच्या पलीकडे थेट पाणी, असे सांगतात. दृश्य सुंदर असले तरी निरुपद्रवी नाही. १९३४ साली शेजारच्या टाफियॉर्डमध्ये डोंगराचा कडा पाण्यात कोसळला, त्याने उठलेल्या लाटेत ४० जण गेले. आजही याच परिसरातल्या ओकरनेसेट या डोंगराची भेग रुंदावते आहे आणि तिच्यावर उपकरणांनी अहोरात्र नजर ठेवली जाते.

ट्रोंडहाइम हे मध्ययुगीन नॉर्वेचे धर्मपीठ. १०३० साली स्टिकलेस्टाडच्या लढाईत मारला गेलेला राजा ओलाव पुढे संत मानला गेला आणि त्याच्या थडग्यावर निदारोसचे कॅथेड्रल उभे राहिले. बोट इथे काही तास थांबते. कॅथेड्रल आणि नदीकाठची रंगीत गोदामे पाहायला तेवढा वेळ पुरतो.

चौथ्या दिवशी सकाळी बोट आर्क्टिक वृत्त ओलांडते. एका छोट्या बेटावर लोखंडी पृथ्वीगोल उभा केलेला आहे, तो दिसला की भोंगा वाजतो. मग डेकवर समुद्रदेवाचा वेश घेतलेला खलाशी इच्छुकांच्या मानेवरून बर्फाचे पाणी आत सोडतो. परतीच्या वाटेवर शिक्षा बदलते, तेव्हा चमचाभर कॉड लिव्हर ऑइल गिळावे लागते. दोन्ही प्रकारांना रांगा लागतात, हे विशेष.

बोडो सोडल्यावर बोट वेस्टफियॉर्डचा खुला पट्टा पार करते आणि संध्याकाळी समुद्रातून सरळ वर आलेली काळी शिखरांची रांग दिसू लागते. ही लोफोटेन बेटे. इथे प्रवासाचा सूर बदलतो. दक्षिणेत जे डोंगर काठावर होते ते इथे पाण्यातच उभे असतात आणि त्यांच्या पायथ्याशी खांबांवर रचलेल्या लाल झोपड्या. या झोपड्या मासेमारांच्या हंगामी बिऱ्हाडासाठी होत्या. आता त्यांतल्या बऱ्याच पर्यटकांना भाड्याने दिल्या जातात.

लोफोटेनचा जीव कॉड माशात आहे. दर हिवाळ्यात, जानेवारी ते एप्रिलच्या दरम्यान, बारेंट्स समुद्रातला मोठा कॉड अंडी घालायला इथल्या कोमट पाण्यात येतो. त्याच्या मागे हजार वर्षांपासून माणूस येतो आहे. पकडलेला मासा साफ करून, दोन-दोन शेपट्या बांधून, लाकडी मांडवांवर टांगतात. मीठ लावत नाहीत. फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत इथली हवा शून्य अंशाच्या आसपास रेंगाळते. कडक थंडी पडली तर मासा गोठून फुटला असता, ऊब असती तर माश्या बसल्या असत्या. या नेमक्या हवेत तो लाकडासारखा वाळतो आणि पुढे वर्षानुवर्षे टिकतो. व्हायकिंगांच्या लांबच्या सफरी याच शिदोरीवर झाल्या. १४३२ साली पिएत्रो क्वेरिनी हा व्हेनिसचा व्यापारी जहाज फुटून भरकटत लोफोटेनच्या टोकाच्या रोस्ट बेटावर पोहोचला. तिथल्या लोकांनी त्याला सांभाळले, आणि जाताना तो वाळवलेला कॉड घेऊन गेला. इटली आजही या माशाचे मोठे गिऱ्हाईक आहे. डोकीही वाया जात नाहीत, ती नायजेरियात रश्शासाठी जातात. माशांच्या जिभा कापून विकण्याचे काम परंपरेने गावातली शाळकरी मुले करतात आणि त्यातून चांगली कमाई करतात.

स्वोल्वेर सोडल्यावर राफ्टसुंड या चिंचोळ्या सामुद्रधुनीत ट्रोल्फियॉर्डचे तोंड लागते. ते जेमतेम शंभर मीटर रुंद. हवामान ठीक असेल आणि कड्यांवरून दरड कोसळण्याची भीती नसेल, तेव्हा कप्तान बोट आत घालतो आणि दोन किलोमीटर आतल्या डोहात तिला जागच्या जागी फिरवून बाहेर काढतो. कडे इतके जवळ येतात की डेकवर सगळे गप्प होतात. याच पाण्यात १८९० साली वाफेच्या बोटींच्या मालकांनी फियॉर्डचे तोंड अडवून आतला मासा आपल्यापुरता राखू पाहिला आणि उघड्या होड्यांतल्या मासेमारांनी तो अडथळा मोडून काढला.

ट्रोम्सो हे उत्तरेचे सर्वांत मोठे शहर. विद्यापीठ, संग्रहालये, पुलापलीकडे त्रिकोणी पांढरे आर्क्टिक कॅथेड्रल, आणि ध्रुवाकडे निघालेल्या मोहिमांच्या आठवणी. रोआल आमुंडसेनचा पुतळा इथे आहे. यानंतर झाडे कमी होत जातात आणि फिनमार्कचा उघडाबोडका पठारी प्रदेश सुरू होतो. होनिंग्सवोगहून बस नॉर्थ केपला नेते. ३०७ मीटर उंचीच्या या कड्यावर लोखंडी गोल उभारलेला आहे आणि त्याच्यासमोर छायाचित्रासाठी गर्दी असते. १९०७ साली सयामचा राजा चुलालोंगकोर्न इथे आला होता. त्याने खडकावर कोरवलेली आद्याक्षरे जपलेली आहेत. युरोपचे उत्तर टोक म्हणून हा कडा मिरवतो, पण शेजारचे सखल भूशिर त्याच्याही थोडे उत्तरेला जाते. शिवाय दोन्ही बेटावर आहेत. तिकीट मात्र देखण्या कड्याचेच निघते.

फिनमार्कच्या गावांत जुनी इमारत शोधून सापडत नाही. १९४४ च्या शरद ऋतूत माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने हा सारा मुलूख जाळून टाकला. घरे, शाळा, धक्के, विजेचे खांब, काही ठेवले नाही. सुमारे पन्नास हजार लोकांना जबरदस्तीने हलवले गेले, काही हजार लोक गुहांत आणि मातीच्या झोपड्यांत लपून राहिले. होनिंग्सवोगमध्ये फक्त चर्च उरले. परतलेल्या लोकांनी सुरुवातीला तिथेच संसार मांडले. किर्केनेसवर तर आधीच शेकडो हवाई हल्ले झाले होते. जवळच्या ब्योर्नेवाटनच्या लोखंडाच्या खाणीत हजारो लोकांनी आसरा घेतला, तिथे बाळंतपणेही झाली. २५ ऑक्टोबर १९४४ रोजी सोव्हिएत फौजेने किर्केनेस मुक्त केले. या गावातल्या रस्त्यांच्या पाट्या नॉर्वेजियन आणि रशियन अशा दोन भाषांत आहेत. २०२२ नंतर सीमेपलीकडची ये-जा आणि व्यापार खूपच आटला.

किर्केनेसला बोट तोंड फिरवते. बरेच प्रवासी इथून विमानाने परत जातात, आणि तिथेच चुकतात. वेळापत्रक असे आखलेले आहे की जाताना जी बंदरे रात्री आली ती येताना दिवसा येतात. वार्दो हे इस्तंबूलच्याही पूर्वेला असलेले गाव परतीला दुपारी लागते. सतराव्या शतकात फिनमार्कमध्ये चेटकाच्या आरोपाखाली ९१ जणांना मारण्यात आले. त्यांच्यासाठी वास्तुविशारद पीटर झुमथोर आणि शिल्पकार लुईझ बुर्जवा यांनी केलेले स्मारक २०११ पासून इथल्या समुद्रकाठी उभे आहे. लांबट दालनात प्रत्येकासाठी एक खिडकी आणि एक दिवा. हामरफेस्टमध्ये पृथ्वीचा आकार मोजण्यासाठी आखलेल्या स्ट्रुव्ह रेषेचा उत्तरेकडचा स्तंभ आहे. ती रेषा काळ्या समुद्रापर्यंत जाते. रिसोयरेन्ना हा खोदून खोल केलेला कालवा विथच्या आग्रहाने झाला आणि १९२२ मध्ये उघडला. विथच्या गावी, स्टॉकमार्कनेसला, १९५६ ची ‘फिनमार्केन’ ही अख्खी बोट काचेच्या इमारतीत ठेवलेली आहे. दुसऱ्या दिवशी आणखी दक्षिणेला टोर्गहाटेन हा आरपार भोक असलेला डोंगर दिसतो. एका राक्षसाने सोडलेला बाण राजाने फेकलेल्या टोपीला भेदून गेला आणि उजाडताच सारे दगड झाले, अशी कथा सांगतात. भूगर्भशास्त्रज्ञ बर्फ आणि लाटांचे काम सांगतात.

कोणत्या ऋतूत जावे, हा प्रश्न खरे तर प्रकाशाचा आहे. ट्रोम्सोला साधारण २० मे ते २२ जुलै सूर्य मावळत नाही, नॉर्थ केपला हा काळ आणखी लांब. मध्यरात्री डेकवर पुस्तक वाचता येते आणि झोपेचे गणित बिघडते. नोव्हेंबरअखेरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तिथे सूर्य उगवत नाही. पण काळोख पूर्ण नसतो. दुपारच्या आसपास दोन-तीन तास क्षितिजाखालचा सूर्य बर्फावर निळसर-गुलाबी उजेड पसरवतो.

उत्तर प्रकाश पाहायचा तर सप्टेंबरअखेर ते मार्च. सूर्याकडून येणारे विद्युतभारित कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकून ध्रुवांभोवतीच्या एका कड्यासारख्या पट्ट्यात वातावरणावर आदळतात. शंभर-दीडशे किलोमीटर उंचीवर ऑक्सिजनचे अणू हिरवे चमकतात, आणखी वर तांबडे. नायट्रोजनने निळा-जांभळा रंग येतो. नॉर्वेचा भौतिकशास्त्रज्ञ क्रिस्तियान बिर्केलांड याने निर्वात पेटीत चुंबकीय गोळा ठेवून हा खेळ प्रयोगशाळेत घडवून दाखवला. बोटीचा मार्ग कित्येक दिवस या पट्ट्याखालूनच जातो, शिवाय समुद्रावर शहरांचा झगमगाट नसतो. प्रकाश दिसताच खोल्यांत ध्वनिक्षेपकावरून सांगतात. दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. ढग असतील तर काही दिसत नाही, आणि डोळ्यांना बऱ्याचदा करडी-हिरवट लकेरच दिसते. छायाचित्रांतले गडद रंग कॅमेऱ्याचे असतात.

बोट लागण्याची ज्यांना भीती असेल त्यांनी स्टाड, हुस्टाडविका, फोल्डा, वेस्टफियॉर्ड आणि उत्तरेचा बारेंट्स समुद्र ही नावे ओळखून ठेवावीत. या उघड्या पट्ट्यांत हिवाळी वादळे जोरात असतात. मार्च २०१९ मध्ये हुस्टाडविकाजवळ एका मोठ्या क्रूझ जहाजाची इंजिने वादळात बंद पडली आणि शेकडो प्रवाशांना हेलिकॉप्टरने उचलावे लागले. किनारी बोटी हवामान बिघडले की सरळ एखादे बंदर वगळतात किंवा थांबून राहतात. मधल्या खोल्या आणि खालचे मजले कमी हलतात.

या सगळ्याला धुराची बाजूही आहे. उन्हाळ्यात गैरांगरसारख्या काही शे वस्तीच्या गावात मोठ्या जहाजांतून एका दिवसात हजारो लोक उतरत आणि अरुंद फियॉर्डमध्ये धूर साचून राही. नॉर्वेच्या संसदेने २०१८ मध्ये वारसा फियॉर्डांत शून्य उत्सर्जनाचा आग्रह धरला. नियम लहान प्रवासी जहाजांना २०२६ पासून आणि दहा हजार टनांवरच्या मोठ्यांना २०३२ पासून लागू होतो. हाविलाच्या बोटी नैसर्गिक वायूवर चालतात आणि त्यांच्यातल्या मोठ्या बॅटऱ्यांवर सुमारे चार तास इंजिन न लावता फियॉर्डमध्ये फिरता येते. जुन्या हुर्टिग्रुटन बोटींपैकी काहींवरही बॅटऱ्या बसल्या आहेत. विमानाने बर्गनला येणाऱ्या प्रवाशाचा कार्बन मात्र या हिशेबात धरलेला नसतो.

नॉर्वेकरांना ही बोट परकी वाटत नाही, हे २०११ मध्ये दिसले. सरकारी दूरचित्रवाणीने बर्गन ते किर्केनेस हा प्रवास सलग १३४ तास थेट दाखवला. निवेदन नाही, कापाकापी नाही. अर्धाअधिक देश कधी ना कधी तो पाहत बसला आणि गावोगावचे लोक झेंडे घेऊन, होड्या घेऊन, बोटीला सामोरे गेले.

भारतातून जाणाऱ्यांना शेंगेन व्हिसा लागतो. बोट देशाबाहेर जात नसल्याने एकदाच प्रवेशाचा व्हिसा पुरतो. रोख क्रोन जवळ नसले तरी कार्डावर सगळे भागते. उन्हाळ्यातही वारा बोचरा असतो, म्हणून वाऱ्यापावसाचे जाकीट, थरांवर थर घालता येतील असे लोकरीचे कपडे आणि हिवाळ्यात बुटांना बसवायचे खिळे बरोबर असावेत. किनाऱ्यावरच्या सहली, कुत्र्यांच्या गाड्या, समुद्री गरुड पाहणे, राजखेकड्याची शिकार, यांचे पैसे वेगळे आणि बरेच असतात. त्यांतल्या दोन-तीन निवडाव्यात, उरलेल्या बंदरांत पायी फिरावे. खर्च बेताचा ठेवायचा असेल तर खिडकी नसलेली खोली आणि मार्च महिना हा उत्तम मेळ आहे. तेव्हा कॉडचा हंगाम चालू असतो, दिवस पुरेसा मोठा असतो, रात्री आकाश अंधारे असते आणि भाडे उन्हाळ्यापेक्षा कमी.